पोप सहावे पॉल : परिषद बोलावली जॉननी, ती गावच्या चर्चपर्यंत पोचवली कोणी?

पिंपळपान

पोप तेविसावे जॉन आणि पोप दुसरे जॉन पॉल यांच्याबद्दल मराठीत बरंच वाचायला मिळतं. मधे पंधरा वर्षं पोपपदावर असलेल्या सहाव्या पॉलना मात्र दोन ओळींत उरकलं जातं : दुसरी व्हॅटिकन परिषद (चर्चमधल्या सुधारणांसाठी भरलेली जगभरच्या बिशपांची सभा) पुरी केली आणि संततिनियमनाच्या साधनांना नकार दिला. मला हा अन्याय वाटतो, म्हणून हा धागा.

परिषद जॉननी बोलावली हे खरंच. पण ३ जून १९६३ रोजी ते वारले तेव्हा परिषदेचं फक्त पहिलं सत्र झालं होतं आणि एकही दस्तऐवज मंजूर झाला नव्हता. सोळाच्या सोळा दस्तऐवज जाहीर झाले ते पॉल यांच्या सहीने. त्यापुढचं काम आणखी किचकट होतं. ठराव कागदावर मंजूर होणं वेगळं आणि रविवारी सकाळी गावच्या चर्चमध्ये काय वाचायचं, कुठल्या भाषेत, बिशपने निवृत्त कधी व्हायचं, पोपच्या निवडणुकीत मत कोणाला, हे ठरवणं वेगळं. हे सगळं या माणसाने बसवलं. आज कॅथलिक माणूस जी उपासना करतो तिची घडी बहुतांशी त्यांचीच आहे, पण नाव कोणाच्या तोंडी नसतं.

थोडक्यात चरित्र. जोव्हान्नी बात्तिस्ता मोन्तीनी, जन्म २६ सप्टेंबर १८९७, उत्तर इटलीत ब्रेशा शहराजवळच्या कोन्चेझिओ गावी. वडील वकील, वर्तमानपत्राचे संपादक आणि पुढे खासदार. २९ मे १९२० रोजी गुरुदीक्षा. १९२३ मध्ये काही महिने वॉर्सातल्या व्हॅटिकनच्या वकिलातीत, मग जवळजवळ तीस वर्षं व्हॅटिकनच्या राज्य सचिवालयात. मुसोलिनीच्या काळात त्यांनी कॅथलिक विद्यार्थी संघटनेचे गुरू म्हणून काम केलं. त्या पोरांतले बरेच जण युद्धानंतर इटलीच्या राजकारणात पुढे आले. दुसऱ्या महायुद्धात बेपत्ता सैनिक आणि युद्धकैदी यांची माहिती घरच्यांना कळवणारी व्हॅटिकनची कचेरी त्यांच्या देखरेखीखाली चालायची. १९५४ मध्ये बाराव्या पायसनी त्यांना मिलानचे आर्चबिशप नेमलं, पण कार्डिनल (पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांपैकी एक) केलं नाही. ती बढती होती की रोमपासून दूर सारणं, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. जॉन निवडून आल्यावर डिसेंबर १९५८ मध्ये त्यांनी कार्डिनलांची पहिली यादी काढली, तिच्यात पहिलं नाव मोन्तीनींचं होतं. २१ जून १९६३ रोजी ते पोप झाले.

पोप झाल्यावर त्यांनी विमानाने प्रवास केला (तसं करणारे पहिले पोप), मुकुटाची प्रथा बंद केली, निषिद्ध ग्रंथांची यादी १९६६ मध्ये मोडीत काढली, संयुक्त राष्ट्रांत बोलले. ६ ऑगस्ट १९७८ रोजी रात्री रोमजवळच्या उन्हाळी निवासात, कास्तेल गान्दोल्फोला वारले. १४ ऑक्टोबर २०१८ रोजी पोप फ्रान्सिसनी त्यांना संत घोषित केलं.

जाणकारांनी भर घालावी. चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

दीपमाळ

धागा उत्तम. एक दुरुस्ती करतो. मुकुटाची प्रथा त्यांनी 'बंद केली' हे काटेकोर नाही.

३० जून १९६३ रोजी त्यांचा स्वतःचा राज्याभिषेक तीन थरांच्या मुकुटानेच झाला. तो मुकुट मिलानच्या लोकांनी भेट दिलेला होता. १३ नोव्हेंबर १९६४ रोजी, परिषदेचं तिसरं सत्र चालू असताना, त्यांनी तो सेंट पीटर्समध्ये वेदीवर ठेवला आणि गरिबांसाठी दिला. तो आता वॉशिंग्टनच्या अमलोद्भव मातेच्या बॅसिलिकात आहे. मात्र १९७५ मध्ये पोपच्या निवडणुकीचे नियम त्यांनी नव्याने लिहिले, त्यात नव्या पोपचा मुकुटाभिषेक व्हावा हे कलम तसंच राहिलं होतं. प्रथा प्रत्यक्षात मोडली ती पहिल्या जॉन पॉलनी, १९७८ च्या सप्टेंबरात, मुकुट न घालता पदग्रहण करून.

तुम्ही म्हणता ते 'नाव कोणाच्या तोंडी नसतं' याचं एक ठळक उदाहरण. दुसऱ्या जॉन पॉल यांच्या फोटोंत जी चांदीची काठी दिसते, वर वाकलेल्या क्रुसावर येशू असलेली, ती सगळे 'जॉन पॉलची काठी' म्हणून ओळखतात. ती शिल्पकार लेल्लो स्कोर्झेल्ली यांनी सहाव्या पॉलसाठी घडवली. ८ डिसेंबर १९६५ रोजी परिषदेच्या समारोपाला पॉलनी ती पहिल्यांदा हातात घेतली.

पिंपळपान

मान्य. 'मुकुट उतरवला' म्हणायला हवं होतं.

बावखल

उपासनेच्या बाजूने लिहितो, कारण वसई-मुंबईच्या मराठी कॅथलिकांना पॉल यांचा हात सगळ्यात जवळून लागला तो इथे.

उपासनेवरचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी २,१४७ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. त्यात लॅटिन राहील आणि लोकभाषेलाही वाव मिळेल, एवढंच म्हटलंय. बाकीचं सगळं अंमलबजावणीत ठरलं. जानेवारी १९६४ मध्ये पॉलनी त्यासाठी एक स्वतंत्र मंडळ नेमलं. अध्यक्ष बोलोन्याचे कार्डिनल लेर्कारो, सचिव फादर आन्निबाले बुन्यीनी. सप्टेंबर १९६४ च्या सूचना ७ मार्च १९६५ पासून, म्हणजे उपवासकाळाच्या (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या) पहिल्या रविवारपासून लागू झाल्या. त्याच दिवशी पॉलनी रोमच्या एका साध्या धर्मग्रामाच्या चर्चमध्ये जाऊन इटालियनमध्ये मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) केली. नवीन मिस्साग्रंथाचा हुकूम ३ एप्रिल १९६९ चा, आणि तो ३० नोव्हेंबर १९६९ पासून, आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी, चालू झाला.

एका भाषेत मिस्सा आणायची पद्धत अशी : देशाच्या बिशप परिषदेने भाषांतर करून घ्यायचं, दोन तृतीयांश मतांनी मंजूर करायचं, मग रोमकडे पाठवायचं. रोमने दुजोरा दिल्यावरच ते वेदीवर वापरायचं. घाईत हंगामी भाषांतरं वापरली गेली की नेमकं काय होतं, ते इंग्रजीत दिसलं. द्राक्षरसाच्या प्याल्यावरच्या शब्दांत लॅटिनमध्ये 'पुष्कळांसाठी' असं आहे. १९७० च्या दशकातल्या इंग्रजीत ते 'सर्वांसाठी' झालं आणि २०११ मध्ये पुन्हा 'पुष्कळांसाठी' करावं लागलं. दोन पिढ्यांना पाठ झालेले शब्द बदलावे लागले.

वाचनांमधला बदल सगळ्यात मोठा. आधी रविवारची वाचनं दरवर्षी तीच असायची, एक पत्र आणि एक शुभवर्तमान. जुना करार रविवारी जवळजवळ ऐकूच यायचा नाही. नवीन व्यवस्थेत तीन वर्षांचं चक्र आहे. अ वर्षात मत्तय, ब वर्षात मार्क, क वर्षात लूक. योहान उपवासकाळात आणि पुनरुत्थानकाळात येतो. मार्क सगळ्यात लहान असल्यामुळे ब वर्षात सामान्य काळाच्या (मोठ्या सणांच्या काळांबाहेरच्या आठवड्यांच्या) १७ ते २१ या पाच रविवारी योहानाचा सहावा अध्याय घातलाय. पाच रविवार भाकरीवरच प्रवचन द्यावं लागतं, म्हणून बरेच धर्मगुरू त्या ऑगस्टमध्ये हैराण होतात.

नवा_वाचक

चालू वर्ष अ, ब की क हे ओळखायचं कसं? आमच्या वाचकांच्या गटात दर डिसेंबरात हा घोळ होतो.

बावखल

सोपा हिशेब आहे. सालाला तीनने भागा. बाकी शून्य तर क, एक उरला तर अ, दोन उरले तर ब. २०२५ ला तीनने भाग जातो, म्हणून क. २०२६ अ. घोळ होतो तो यामुळे की उपासनेचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी होतं. म्हणजे ३० नोव्हेंबर २०२५ पासूनच अ वर्षाचं पुस्तक काढायचं, भिंतीवरचं कॅलेंडर २०२५ दाखवत असलं तरी.

वारांच्या मिस्सेचं चक्र वेगळं, दोन वर्षांचं. विषम साल पहिलं, सम साल दुसरं. पण हा फरक फक्त सामान्य काळातल्या पहिल्या वाचनापुरता आणि त्याच्या स्तोत्रापुरता. वारांचं शुभवर्तमान दरवर्षी तेच असतं, आणि आगमन, नाताळ, उपवास, पुनरुत्थान या काळांत वारांची सगळीच वाचनं तीच राहतात.

आणखी एक जागा आहे जिथे हमखास चूक होते : पेंटेकॉस्टनंतरचा (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणानंतरचा) सोमवार. सामान्य काळाचे आठवडे ३४ धरलेत, पण बऱ्याच वर्षांत ३३च मावतात. उपवासकाळ सुरू होताना आपण ज्या आठवड्यात थांबलो त्याच्या पुढचा आकडा घ्यायचा, असं लोक समजतात. तसं नाही. शेवटून मोजायचं : आगमनाच्या आधीचा रविवार ३४ वा, तिथून मागे या. २०२५ मध्ये राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आठव्या आठवड्यात आला, आणि पेंटेकॉस्टनंतर ९ जूनला दहावा आठवडा सुरू झाला. नववा गळाला. ज्यांनी नववा उघडला ते पुढे नोव्हेंबरपर्यंत एक आठवडा मागेच.

नवा_वाचक

हे छापून सॅक्रिस्टीत (चर्चमधल्या तयारीच्या खोलीत) लावतो. धन्यवाद.

तुळईखाली

पॉल यांच्या मिस्सेबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय, तो काढायला हवा. त्यांनी लॅटिनवर बंदी घातली नाही. नव्या मिस्साग्रंथाचा मूळ मसुदा लॅटिनच आहे आणि तो लॅटिनमध्ये कधीही म्हणता येतो. धर्मगुरूने लोकांकडे तोंड करूनच उभं राहावं असंही तो ग्रंथ सक्तीने सांगत नाही. १९६९ नंतर परवानगीशिवाय वापरता येईनासा झाला तो १९६२ पर्यंतचा जुना ग्रंथ.

त्यालाही पॉलनी फट ठेवली होती. वयस्कर धर्मगुरूंना एकट्याने जुनी मिस्सा म्हणण्याची सवलत होती. इंग्लंडमधल्या लेखक-कलावंतांनी जुन्या मिस्सेसाठी निवेदन दिलं. सही करणाऱ्यांत अगाथा ख्रिस्ती होत्या, कॅथलिक नसूनही. नोव्हेंबर १९७१ मध्ये इंग्लंड आणि वेल्ससाठी परवानगी मिळाली, तिला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. पण आर्चबिशप मार्सेल लफेव्ह्र यांच्याशी जुळलं नाही. त्यांनी रोमची मनाई असताना २९ जून १९७६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये एकोनला १३ जणांना गुरुदीक्षा दिली. पॉलनी त्यांचे अधिकार गोठवले. सप्टेंबरात दोघे भेटले, निष्पन्न काही झालं नाही. भांडण वरवर लॅटिनचं दिसतं. मुळात ते परिषदेच्या धर्मस्वातंत्र्यावरच्या आणि इतर धर्मांवरच्या दस्तऐवजांशी होतं, म्हणूनच २००७ मध्ये सोळाव्या बेनेडिक्टनी जुनी मिस्सा मोकळी केली तरी ते मिटलं नाही. २०२१ मध्ये फ्रान्सिसनी ती पुन्हा आवळली.

एक प्रात्यक्षिक गोष्टही सांगतो. पॉल यांच्या ग्रंथात चार युखरिस्तिक प्रार्थना (भाकरी आणि द्राक्षरस अर्पण करतानाच्या मुख्य प्रार्थना) आहेत. पहिली जुनी रोमन, दुसरी सगळ्यात आटोपशीर आणि म्हणून सगळ्यात जास्त वापरली जाणारी. चौथी फार सुंदर आहे, सृष्टीपासून तारणापर्यंतची सगळी कथा तिच्यात येते. पण तिची प्रस्तावना (सुरुवातीचा स्तुतीचा भाग) तिचीच आहे, बदलता येत नाही. ज्या दिवशी मिस्सेला स्वतःची प्रस्तावना नेमलेली असते त्या दिवशी, म्हणजे उपवासकाळात वगैरे, चौथी चालत नाही. हे न पाहता ती घेतली की मधेच दोन प्रस्तावनांची सांगड बसेना होते.

बावखल

तुळईखाली यांच्या प्रतिसादाला जोडून भारताचं एक. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतासाठी बारा मुद्दे मान्य केले. वेदीपाशी पादत्राणं काढणं, जमिनीवर बसणं, गुडघा टेकण्याऐवजी अंजलिहस्त करून लवणं, पंचांग प्रणाम, शांतिचिन्ह म्हणून नमस्कार, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, धूपदाणी, अंगरख्यावर शाल, आरती. बंगळूरच्या राष्ट्रीय केंद्राचे फादर अमलोरपवदास त्यामागे होते.

यातला प्रत्येक मुद्दा ऐच्छिक होता. स्थानिक बिशपने ठरवायचं होतं की कुठे, किती. जिथे लोकांना आधी समजावलं नाही आणि एका रविवारी अचानक वेदी खाली आणली तिथे 'हे हिंदूकरण आहे' म्हणून कडवट वाद झाले. जिथे पावलापावलाने गेले तिथे आरती आणि समई इतकी मुरली की ती बाहेरून आली असं आज कोणाला वाटतही नाही. मला हे पॉल यांच्या पद्धतीचं नेमकं चित्र वाटतं : मुभा द्यायची, सक्ती करायची नाही, आणि वेग स्थानिकांवर सोपवायचा.

गिरगावची_खिडकी

मुंबई कोणीच आणली नाही अजून!

२ ते ५ डिसेंबर १९६४. भारतात आलेले पहिले पोप. निमित्त ३८ वी आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेस, मुख्य वेदी ओव्हल मैदानावर. यजमान मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस, भारताचे पहिले कार्डिनल. पोप एअर इंडियाच्या बोइंगने आले, वाटेत बैरुतला थांबून. ओव्हलवर त्यांनी वेगवेगळ्या खंडांतल्या सहा जणांना बिशपपदाची दीक्षा दिली.

दोन भाषणं लक्षात ठेवण्यासारखी. ३ डिसेंबरला वेगवेगळ्या धर्मांच्या प्रतिनिधींपुढे त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली 'असतो मा सद्गमय' ही प्रार्थना उद्धृत केली. इतर धर्मांविषयीचा परिषदेचा दस्तऐवज मंजूर झाला तो त्यानंतर अकरा महिन्यांनी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी. म्हणजे मुंबईतलं भाषण ही त्या दस्तऐवजाची प्रत्यक्ष रंगीत तालीम होती असं मी धरतो.

दुसरं ४ डिसेंबरचं, पत्रकारांपुढचं. राष्ट्रांनी शस्त्रांवरच्या खर्चाचा काही भाग काढून गरीब देशांसाठी जागतिक निधी उभारावा, हे आवाहन. पुढे मार्च १९६७ मधल्या विकासावरच्या विश्वपत्रात (सगळ्या चर्चला उद्देशून पोप लिहितात त्या पत्रात), 'पोपुलोरुम प्रोग्रेसियो'त, त्यांनी ५१ व्या परिच्छेदात मुंबईचं नाव घेऊन हेच मांडलं. जगाच्या अर्थव्यवस्थेवरच्या पोपच्या एका मुख्य पत्रात आपल्या शहराचं नाव आहे, आणि ते कसं आलं हे मुंबईतल्या फार कमी लोकांना माहीत आहे याची खंत वाटते.

त्या दौऱ्यात वापरलेली लिंकन गाडी त्यांनी जाताना मदर तेरेसांना दिली. मदरनी ती न वापरता सोडत काढून पैसे उभे केले आणि ते कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठी लावले.

पोर्तुगालला हा दौरा झोंबला. गोवा मुक्त होऊन तीनच वर्षं झाली होती. सालाझार सरकारच्या मते पोपनी भारतात जाणं म्हणजे गोव्यावरच्या भारताच्या ताब्याला मान्यता देणं. पॉल तरीही आले.

दीपमाळ

मुंबईच्या दौऱ्यासाठी +१. प्रवासांचा एकूण हिशेबही देतो : नऊ परदेश दौरे. जानेवारी १९६४ मध्ये पवित्र भूमी, तिथे जेरुसलेमला ऑर्थोडॉक्स चर्चचे कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क (प्रमुख) अथेनागोरस यांची भेट. डिसेंबर १९६५ मध्ये दोघांनी पूर्व आणि पश्चिमेची चर्च फुटली तेव्हाचे, १०५४ चे परस्पर बहिष्कार एकाच दिवशी मागे घेतले. शेवटचा दौरा नोव्हेंबर-डिसेंबर १९७० चा, आशिया आणि ओशिआनियाचा. त्यात ढाक्याला चक्रीवादळग्रस्तांसाठी थांबले आणि मनिलाच्या विमानतळावर त्यांच्यावर सुरीहल्ला झाला. त्यानंतर जगले आठ वर्षं, पण इटलीबाहेर गेले नाहीत.

कळसूबाई_१६४६

सगळं छान चाललंय, पण 'हुमाने व्हिते' (संततिनियमनावरचं त्यांचं १९६८ चं विश्वपत्र) टाळून पॉल यांच्यावरचा धागा पुरा होणार नाही. माझं मत स्पष्ट आहे : तिथे त्यांनी चूक केली.

क्रम बघा. १९६३ मध्ये जॉननी सहा जणांचा अभ्यासगट नेमला. पॉलनी तो वाढवत नेला, शेवटी ७२ सदस्य. डॉक्टर, लोकसंख्यातज्ज्ञ, विवाहित जोडपी, आणि निर्णयासाठी कार्डिनल-बिशपांचं वेगळं मंडळ. त्यात आपले ग्रेशसही होते. १९६६ मध्ये बहुमताने अहवाल दिला की विवाहाच्या चौकटीत कृत्रिम साधनं स्वीकारता येतील. एप्रिल १९६७ मध्ये तो वर्तमानपत्रांत फुटला. लोकांनी बदल होणार असं धरून चालायला सुरुवात केली. मग २५ जुलै १९६८ ची सही असलेलं पत्र २९ जुलैला बाहेर आलं आणि उत्तर आलं 'नाही'. पाच वर्षं विचारायचं, बहुमत मिळवायचं, आणि मग उलटं ठरवायचं. चर्चमधल्या अधिकारावरचा लोकांचा विश्वास इथे तुटला तो अजून जुळलेला नाही.

तुळईखाली

कळसूबाई, तुमचा क्रम बरोबर आहे. पण अभ्यासगट सल्ला द्यायला होता, मतदान करून निर्णय द्यायला नव्हता. शिवाय पॉल यांची अडचण त्या अहवालातच होती : आधीच्या पोपनी, विशेषतः १९३० मध्ये अकराव्या पायसनी, जे ठामपणे सांगितलं होतं ते चुकीचं होतं असं म्हणायचं तर बाकी शिकवणीचं काय, याला बहुमताच्या अहवालात त्यांना समाधानकारक उत्तर मिळालं नाही. सगळ्या जगाला नको असलेलं उत्तर आपल्याला द्यावं लागणार हे त्यांना दिसत होतं, तरी त्यांनी दिलं. मला ते धैर्य वाटतं.

पत्रात प्रत्यक्ष काय आहे तेही पाहावं. परिच्छेद १४ मध्ये गर्भपात, नसबंदी आणि गर्भधारणा रोखण्यासाठी केलेली कृती नाकारलीय. परिच्छेद १६ मध्ये गंभीर कारण असेल तर अफलदायी दिवसांचा उपयोग करायला मुभा आहे. आणि परिच्छेद १५ लोक वाचतच नाहीत : शारीरिक आजारावर आवश्यक उपचार घेताना गर्भधारणा रोखली गेली, तर ती मूळ हेतू नसेल तोवर तो उपचार वैध आहे. पाळीच्या अतिरक्तस्रावावर किंवा एंडोमेट्रिओसिसवर डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या तर 'चर्च मना करतं' म्हणून बायका त्या टाळतात, हे साफ चुकीचं आहे. हे निदान धर्मग्रामातल्या विवाहपूर्व शिबिरांत तरी नीट सांगितलं गेलं पाहिजे.

कळसूबाई_१६४६

परिच्छेद १५ बद्दल पूर्ण सहमत, आणि तो मुद्दा आणल्याबद्दल आभार. मूळ मताबद्दल मी ठाम आहे. पत्र प्रसिद्ध करतानाच व्हॅटिकनतर्फे ते पत्रकारांपुढे मांडणारे मोन्सिन्योर लाम्ब्रुस्कीनी यांनी सांगितलं होतं की हे अचूकत्वाचं (चूक असूच शकत नाही असं मानलेलं) विधान नाही. मग वेगळं मत मांडणाऱ्या धर्मगुरूंवर ठिकठिकाणी कारवाई का झाली? कॅनडाच्या बिशपांनी तर सप्टेंबर १९६८ मध्ये विन्निपेगला निवेदन काढून प्रामाणिक सद्सद्विवेकाला जागा ठेवली. पॉलनी त्यांना हाकललं नाही, तेवढं श्रेय देतो.

आणि त्यानंतर दहा वर्षं ते पोप होते, पण विश्वपत्र पुन्हा एकही लिहिलं नाही. पहिल्या पाच वर्षांत सात, नंतर शून्य.

पिंपळपान

कळसूबाईंचा शेवटचा आकडा बरोबर आहे, फक्त त्यावरून 'ते गप्प बसले' असा अर्थ निघू नये. विश्वपत्राऐवजी दुसऱ्या प्रकारची पत्रं लिहिली. ८ डिसेंबर १९७५ चं सुवार्ताप्रसारावरचं 'एव्हांजेली नुन्तिआन्दी' हे बऱ्याच जणांच्या मते त्यांचं सर्वोत्तम लिखाण, आणि फ्रान्सिस त्याचा वारंवार दाखला द्यायचे.

मोजपट्टी

निवडणुकीच्या नियमांबद्दल लिहितो. २०२५ च्या कॉन्क्लेव्हच्या (पोप निवडायच्या कार्डिनलांच्या बंद सभेच्या) वेळी वाहिन्यांवर जे जे सांगितलं गेलं त्यातलं निम्मं पॉल यांचं होतं आणि त्यांचं नाव कोणी घेतलं नाही.

तीन पायऱ्या. ऑगस्ट १९६६ : बिशपांनी ७५ व्या वर्षी स्वतःहून राजीनामा सादर करावा. इथे लोकांची गल्लत होते. पंच्याहत्तरी झाली म्हणजे पद आपोआप जात नाही. राजीनामा द्यायचा, तो स्वीकारायचा की नाही आणि कधी, हे पोप ठरवतात. तोवर बिशप कामावरच. नोव्हेंबर १९७० : ८० वर्षं पुरी झालेल्या कार्डिनलांना पोपच्या निवडणुकीत मत नाही. वयस्कर कार्डिनल भडकले, ओत्ताव्हियानी आणि तिसराँ या दोघांनी उघड नाराजी व्यक्त केली. ऑक्टोबर १९७५ : मतदार कार्डिनल १२० पेक्षा जास्त नसावेत, आणि निवडीला दोन तृतीयांश अधिक एक मत हवं. १९७८ च्या ऑगस्टमध्ये १११ जण आत गेले, म्हणजे ७४ अधिक एक, ७५ मतं लागणार होती.

दुसऱ्या जॉन पॉलनी १९९६ मध्ये यातल्या दोन गोष्टी हलवल्या. ८० वर्षांची अट आता कॉन्क्लेव्हमध्ये शिरण्याच्या दिवशी पाहत नाहीत. पद रिकामं होण्याच्या दिवसाआधी ज्याचे ८० झाले तो बाहेर. त्यामुळे पोपच्या मृत्यूनंतर आणि कॉन्क्लेव्हच्या आधी ज्याचा वाढदिवस येतो तो मतदारच राहतो. अधिक एकची अटही गेली. १२० ची मर्यादा कागदावर राहिली, पण फ्रान्सिसनी नेमणुकाच जास्त केल्याने २०२५ मध्ये १३३ जणांनी मतदान केलं, निवडीला ८९ मतं लागत होती. कार्डिनलांनी एप्रिलअखेर निवेदन काढलं की मर्यादेपेक्षा जास्त नेमून फ्रान्सिसनी त्या कलमातून सूट दिलीच आहे, म्हणून सगळ्यांचा हक्क कायम. त्या १३३ मतदारांनी ८ मे रोजी चौदावे लिओ निवडले.

पोप वारले की खात्यांचे प्रमुख पायउतार होतात आणि कामेर्लेंगो (मधल्या काळात कारभार पाहणारे कार्डिनल) यांच्यासारखे मोजकेच राहतात, हेही १९७५ च्याच नियमांतलं.

नवा_वाचक

दुसऱ्यांना वयाची अट घातली, मग स्वतः ८० चे झाले तेव्हा पॉल राजीनामा देणार होते का?

मोजपट्टी

१९७७ मध्ये तशी चर्चा जोरात होती, पण दिला नाही. मात्र २ मे १९६५ चं त्यांच्या हातचं पत्र २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. बरा न होणारा किंवा फार लांबणारा आजार झाला आणि काम करता येईना झालं, तर माझा राजीनामा स्वीकारावा, असं त्यात कार्डिनलांच्या प्रमुखाला उद्देशून लिहिलंय. बेनेडिक्टनी २०१३ मध्ये राजीनामा दिला त्याच्या आधी ४८ वर्षं. ते वापरायची वेळ आली नाही.

दीपमाळ

शेवटची वर्षं जड गेली. विद्यार्थी संघटनेपासूनचे मित्र, इटलीचे माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचं मार्च १९७८ मध्ये अपहरण झालं. एप्रिलमध्ये पॉलनी अपहरण करणाऱ्या रेड ब्रिगेडच्या (इटलीतल्या डाव्या दहशतवादी संघटनेच्या) लोकांना स्वतः पत्र लिहिलं, अटी न घालता सोडा म्हणून. 'अटी न घालता' या शब्दांवर मोरोंच्या घरचे दुखावले, कारण वाटाघाटीचं दार बंद झालं असं त्यांना वाटलं. ९ मे रोजी मृतदेह सापडला. १३ मे रोजी रोमच्या लॅटरन बॅसिलिकातल्या प्रार्थनेला पॉल आले आणि देवापुढेच गाऱ्हाणं मांडलं, की आमची विनवणी तू ऐकली नाहीस. त्यानंतर तीन महिनेही जगले नाहीत.

त्यांच्या मृत्युपत्रात थडगं बांधू नका, मातीत पुरा, असं आहे. तसंच केलं. १२ ऑगस्टला अंत्यविधीच्या वेळी सेंट पीटर्सच्या चौकात साधी लाकडी पेटी जमिनीवर ठेवली होती आणि तिच्यावर उघडं शुभवर्तमान, पानं वाऱ्याने उलटत होती. पुढच्या पोपांच्या अंत्यविधीत हेच चित्र दिसत आलंय.

नवा_वाचक

त्यांचा सण कधी असतो? आमच्या दिनदर्शिकेत ६ ऑगस्टला नाही.

बावखल

६ ऑगस्टला प्रभूच्या रूपांतराचा सण आहे, म्हणून तो दिवस मिळू शकला नाही. २९ मे नेमलाय, त्यांच्या गुरुदीक्षेचा दिवस, आणि २०१९ पासून तो सगळ्या जगाच्या दिनदर्शिकेत आहे. दर्जा ऐच्छिक स्मरणदिनाचा. म्हणजे धर्मगुरूने ठरवलं तर पांढरी वस्त्रं आणि त्यांची प्रार्थना, नाहीतर त्या वाराची नेहमीची मिस्सा. रविवारी आला किंवा दुसरा मोठा सण पडला तर त्या वर्षी गळतो. २०२६ मध्ये २९ मे शुक्रवारी येतो, पेंटेकॉस्ट २४ ला होऊन गेलेलं, म्हणजे दिवस मोकळा आहे. वाचनं सामान्य काळाच्या आठव्या आठवड्यातली, दुसऱ्या वर्षाची. तुमच्या फादरांना आठवडाभर आधी सांगून ठेवा.